पिवळी पट्टी आणि पाटील सरांचं फोल्डर

"सर, पिवळं आलंय."

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि गेली कित्येक वर्षं माझे निम्मे फोन ह्याच वाक्याने सुरू होतात. बोलणारा नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. पिवळं आलंय म्हटलं की पाटील सरांना, म्हणजे मला, पुढचं कळतं, असा त्याचा विश्वास. एकदा मी फोनवर एका गिऱ्हाइकाला विचारत होतो, "नुसतं पिवळंच आहे ना? लाल नाही ना झालं?" तर बाकावर बसलेले एक म्हातारबा पुढे सरकले आणि हळूच म्हणाले, "आमच्या सुनंलाबी कावीळ झालीया. औषध कवा न्यायला यिऊ?"

म्हणून आधीच सांगून टाकतो. मी कावीळ उतरवत नाही. भाषणाच्या वेळी पडद्यावर एकामागून एक चित्रं आणि मजकूर सरकत जातो ना, त्याला आमच्याकडे सगळे पीपीटी म्हणतात. ती फाईल उघडताना वरच्या बाजूला एक पिवळी पट्टी येते. कधी मधोमध खिडकी उघडते आणि इंग्रजीत सांगते की इथे धोका असू शकतो. सभा भरलेली असते, पाहुणे बसलेले असतात, माईकवर कुणीतरी "आता थोड्याच वेळात" असं तिसऱ्यांदा म्हणत असतं आणि लॅपटॉपपाशी उभ्या माणसाला घाम फुटलेला असतो. तो माणूस मग मला फोन लावतो.

मी गडहिंग्लजकडचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो, तेही फिजिक्स घेऊन, आणि हे मी कुठेही, कुणालाही, विचारलं नाही तरी सांगतो. वडील गुऱ्हाळावर गुळव्या होते. उसाचा रस काहिलीत उकळत असताना तो नेमका कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. फेस बघायचा, वास घ्यायचा, थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटांनी चोळायचा आणि मगच हाक द्यायची. शेतमालक किती का घाई करेना, चोळून बघितल्याशिवाय वडिलांनी काहील कधी उतरवली नाही. मी दुकान काढलं तेव्हा ते एकदाच येऊन गेले. तासभर बसून माझं काम बघितलं आणि जाताना म्हणाले, "तू लई पटापट दाबतोस रं."

त्यांचं म्हणणं मला कळायला फार वर्षं गेली.

ती पिवळी पट्टी काय असते ते सांगतो. आपल्याकडे गावात नवखा माणूस शिरला की पारावर बसलेले विचारतात, "पावणं, कुठल्या गावचं?" त्यात राग नसतो, संशयही नसतो. विचारायचं म्हणून विचारतात. सांगितलं की झालं, वर चहा मिळतो. पिवळी पट्टी म्हणजे कॉम्प्युटरने तेवढंच विचारलेलं असतं. फाईल ईमेलवरून आली, इंटरनेटवरून उतरवली, की तिच्यावर बाहेरून आल्याचा शिक्का बसतो आणि कॉम्प्युटर ती नुसती बघायला देतो, हात लावू देत नाही. माणूस ओळखीचा असेल तर परवानगीचं बटण दाबायचं. काही फायलींच्या पोटात छोटा प्रोग्राम असतो, त्याला मॅक्रो म्हणतात. तेव्हा विचारणं जरा कडक होतं, पट्टी लालसुद्धा होते, कारण हा पाहुणा नुसता बसून राहणारा नसतो, तो तुमच्या घरातलं सामान हलवू शकतो. आणि तिसरा प्रकार लिंकचा. फाईल तुमच्यासमोर असते, पण तिचा एखादा तुकडा दुसऱ्याच ठिकाणी राहिलेला असतो आणि फाईल उघडली की त्या तुकड्याला हाक मारते.

हा लिंकचा प्रकार मला एका एकसष्टीच्या निमित्ताने चांगला समजावून सांगता आला. गडहिंग्लजचे एक मिरचीचे व्यापारी मामाच्या एकसष्टीसाठी केलेली पीपीटी घेऊन आले होते. मामांचे लहानपणापासूनचे फोटो आणि मागे त्यांच्या आवडीची गाणी. पुण्याच्या भाच्याने हौसेने बनवून पाठवलेली. पण उघडली की खिडकी येऊन धोक्याची सूचना देई आणि गाणं एकही वाजेना. व्यापारी भलतेच दुखावले होते. "आमच्या मामानं उभ्या जन्मात कुणाची काडी उचलली न्हाय," ते मला म्हणाले, "आणि हे यंत्र त्यास्नी धोका म्हणतंय व्हय?"

मी फाईल उलगडून दाखवली. गाणी आत नव्हतीच. आत फक्त गाण्यांचे पत्ते होते, आणि ते पत्ते भाच्याच्या पुण्यातल्या लॅपटॉपचे. गडहिंग्लजात बसून फाईल पुण्यातली गाणी हाक मारून बोलवत होती. भाच्याकडून गाणी मागवली, आत बसवली, लिंक तोडली, झालं. मामांवरचा आरोप मागे घेतला गेला आणि मला एकसष्टीचं जेवण मिळालं.

सगळीच गिऱ्हाइकं अशी जेवायला घालून गेली नाहीत. एक नाव मी घेणार नाही, पण प्रसंग लपवत नाही. खत-बियाणांच्या एका दुकानदारांचा फोन आला. मी जेवत होतो. "सर, पिवळं आलंय," ते म्हणाले. मी घास न थांबवता म्हणालो, "दाबा, काही होत नाही." फाईल कुठून आली हे मी विचारलं नाही. ती कुठल्याशा अनोळखी ईमेलमधून आलेली होती आणि आत मॅक्रो होता. संध्याकाळपर्यंत त्यांच्या कॉम्प्युटरवरची एकही फाईल उघडेना. त्यात त्यांच्या मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले, ते मला परत आणता आले नाहीत. त्या माणसाने मला एका शब्दाने बोल लावला नाही, अजून दुकानात येतो. तो येतो तेव्हा मी उठून उभा राहतो. त्या दिवसापासून पिवळ्याचं उत्तर फोनवर द्यायचं बंद केलं. घेऊन या, बघू दे, मग सांगतो.

पण ह्या धंद्यातली जी गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, ती दोन वर्षांपूर्वीची आहे, आणि तिच्यात धोक्याची सूचना ज्याच्याबद्दल होती तो माणूस मीच होतो.

दुपारी दीडचा सुमार. एक बाई दुकानात आल्या. पंचेचाळिशीच्या आसपास, चेहरा उन्हाने आणि कशाने तरी लाल झालेला. एका मुठीत पेनड्राईव्ह, दुसऱ्या हातात जड कापडी पिशवी. बसा म्हटलं तरी बसेनात. "तुमच्याकडं पीपीटीतलं एखादं नाव काढून मिळतं का?" त्यांनी विचारलं. "अडीचच्या आत पाहिजे."

त्यांचं नाव उज्ज्वला सुतार. मलकापूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे, तिथल्या प्राथमिक शाळेत त्या शिक्षिका. त्या दिवशी आमच्या दुकानापासून दोन चौकांवरच्या एका सभागृहात जिल्ह्यातल्या निवडक शिक्षकांची सादरीकरणं होती. प्रत्येकाने आपल्या शाळेत केलेला नवा उपक्रम पडद्यावर दाखवायचा आणि समितीने त्यातून एक निवडायचा. बाईंचा उपक्रम पावसाचा होता. त्यांच्या वाडीत पाऊस असा कोसळतो की जून ते सप्टेंबर पोरांना अंगण दिसत नाही. बाईंनी प्लास्टिकची बाटली कापून, पट्टी लावून पाऊस मोजायचं साधन केलं आणि पोरांना कामाला लावलं. रोज सकाळी एकाने मोजायचं आणि वहीत लिहायचं. पाच पावसाळे हे चाललं होतं. पिशवीत त्या पाच वह्या होत्या.

बाराच्या सुमाराला बाईंचा नंबर आला. फाईल लावली तशी खिडकी उघडली, ह्या पीपीटीत दुसऱ्या फायलींच्या लिंक आहेत, मूळ ठिकाण खात्रीचं नसेल तर चालू करू नका. लॅपटॉप सांभाळणाऱ्याने घाईत भलतंच बटण दाबलं. मग दुसरी सूचना आली, लिंक केलेली फाईल सापडत नाही. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त अधिकारी होते. त्यांना कॉम्प्युटरमधलं कळत होतं. त्यांनी लिंकची यादीच उघडायला लावली आणि भर सभागृहात, पडद्यावर, हाताएवढ्या अक्षरांत पत्ता दिसला. त्या पत्त्यात एका फोल्डरचं नाव होतं, पाटील सर.

आणि सकाळी ज्यांनी सादरीकरण केलं होतं, ते बाईंच्याच तालुक्यातले एक शिक्षक पाटील सर होते.

अध्यक्षांनी विचारलं, ही फाईल कुणाची? बाई म्हणाल्या, माझी. मग हे पाटील सर कोण? बाई म्हणाल्या, मला माहीत नाही. सभागृहात लोक हसले. सकाळच्या पाटील सरांना विचारलं तर ते बिचारे खरं तेच बोलले, की मी बाईंना कधीच काही दिलेलं नाही. त्याने उलट आग लागली. दिलेली नाही म्हणजे मग न विचारता घेतली, असा अर्थ निघाला. अध्यक्षांनी सादरीकरण थांबवलं. जेवणाच्या सुट्टीनंतर, अडीच वाजता, समाधानकारक खुलासा झाला नाही तर दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून दाखवलं असा शेरा लिहून वर पाठवू, असं सांगितलं.

शिक्षकाला शेरा म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात शिक्षक आहे त्यांना सांगायला नको. तो निवृत्तीपर्यंत कागदावर राहतो. ज्या बाईंनी पोरांना रोज सकाळी खरा आकडा लिहायला शिकवलं, त्यांच्या नावावर खोटेपणाचा शेरा.

"बक्षिसाचं राहू दे," बाई म्हणाल्या, "पण हा डाग घेऊन मी वर्गात कशी उभी राहू?"

मी पेनड्राईव्ह लावला. खिडकी आली. ह्या खेपेला मी ती वाचली, काही दाबलं नाही. मग लिंकची यादी उघडली. डी ड्राईव्ह, त्यात पाटील सर, त्यात बॅच तीन, त्यात हजेरी.

मी माऊस सोडून खुर्चीत मागे सरकलो. कारण डी ड्राईव्ह, पाटील सर, बॅच तीन, हजेरी हा पत्ता मला माझ्या घराच्या पत्त्याइतका पाठ होता.

"काय झालं सर? व्हायरस आहे का?"

"नाही बाई," मी म्हणालो, "मी आहे."

त्यांना कळेना. कळणार कसं? दुकानाच्या आधी माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. शिक्षकांना कॉम्प्युटर शिकणं नुकतंच सक्तीचं झालं होतं आणि गावोगावचे गुरुजी आणि बाई एसटीने येऊन माझ्याकडे शिकत. पन्नाशीतले गुरुजी माऊस हातात घेताना कोंबडीचं पिल्लू धरल्यासारखा धरायचे. त्यांच्यासाठी मी एक नमुना पीपीटी केली होती. पहिल्या पानावर शाळेचं नाव, मग प्रस्तावना, मग हेतू, आणि सातव्या पानावर एका काल्पनिक वर्गाच्या हजेरीचा ग्राफ. तो ग्राफ मी एक्सेलच्या फाईलीला लिंक केला होता. एक्सेलमध्ये आकडा बदलला की पीपीटीतला खांब आपोआप वर-खाली व्हायचा. सगळा वर्ग "आँ" करायचा. माझी ती आवडती जादू होती. त्या "आँ"साठी मी दर बॅचला ती दाखवायचो आणि शेवटच्या दिवशी नमुना सगळ्यांना वाटायचो. घेऊन जा, तुमचं नाव घाला, वापरा.

लिंक तोडून मगच नमुना द्यावा, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्यांना सांगायचंही सुचलं नाही. उलट ते विचारायचे, "सर, हे काय विचारतंय?" मी म्हणायचो, "काही नाही, दाबा आणि पुढं चला."

बाई माझ्या क्लासला कधी आलेल्या नव्हत्या. त्यांना तो नमुना शेजारच्या शाळेतल्या बाईंनी दिला होता, त्यांना आणखी कुणी. आपल्याकडे शिक्षकांत हे चालतंच. अहवाल असो, आराखडा असो, पहिला प्रश्न असतो, नमुना आहे का? त्यात गैर काही नाही. मजकूर आपला घालायचा असतो.

पण मला एक कोडं होतं. सातव्या पानावर बाईंचा पावसाचा ग्राफ होता, निळे खांब, सुरेख. माझा हजेरीचा कुठेच दिसत नव्हता. मग लिंक कशाची? मी तो निळा ग्राफ माऊसने धरून बाजूला सरकवला. खाली एक पांढरा चौकोन होता. तो सरकवला. त्याच्या खाली माझी हजेरी, जशीच्या तशी, हिरवे खांब, प्रत्येक महिना शंभर टक्के.

"बाई, हे खालचं पुसलं का नाही?"

बाई ओशाळल्या. "दुसऱ्याचं कसं पुसायचं? आमच्या रजिस्टरात चुकलं तर आम्ही खोडत नाही. वर कोरी चिठ्ठी चिकटवतो आणि तिच्यावर लिहितो. तसंच केलं."

आता हसू येतं, तेव्हा आलं नाही. वर्षानुवर्षं माझा ग्राफ त्या चिठ्ठीखाली बसून माझ्या क्लासातल्या, केव्हाच मोडीत गेलेल्या कॉम्प्युटरला हाका मारत होता.

"मग काढून टाका आणि द्या मला," बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या.

काढणं दोन मिनिटांचं काम होतं. हजेरी पुसायची, यादीत लिंक उरत नाही, फाईल स्वच्छ. पण समितीने नाव बघितलेलं होतं. आता ते नाहीसं झालं तर बाईंनी पुरावा पुसला असंच म्हणणार. आणि खरं सांगायचं तर दहा-एक सेकंद माझ्या मनात दुसरंच आलं. नाव पुसलं तर हा पाटील सर कोण, हे कधीच कुणाला कळणार नव्हतं. जिल्ह्यातल्या शिक्षकांना कॉम्प्युटर शिकवलेला माणूस म्हणून माझी जी काय पत आहे, ती तशीच राहिली असती. मी चहा सांगितला असता, बाई पेनड्राईव्ह घेऊन गेल्या असत्या.

मग माझी नजर त्यांच्या पिशवीवर गेली. वह्यांचे कोपरे पाणी लागून फुगले होते.

मी काहीच पुसलं नाही. निळा ग्राफ परत जागेवर ठेवला, पेनड्राईव्ह काढला, दुकानाला कुलूप लावलं. "चला," म्हटलं, "मीच येतो."

सभागृहात लोक जेवून सुस्तावले होते. अध्यक्षांपुढे उभा राहून मी सांगितलं की त्या पत्त्यातले पाटील सर म्हणजे मी, फोल्डर माझ्या जुन्या कॉम्प्युटरवरचं, नमुना मी केलेला, आणि बाईंनी कुणाचंही काही घेतलेलं नाही. अध्यक्षांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ह्या सभागृहात आत्ता पाच पाटील आहेत," ते म्हणाले. "तुम्ही सहावे. बसा."

लोक पुन्हा हसले. माझे कान तापले. बी.एस्सी. फिजिक्स, आणि भर सभेत हसू होतंय. पण रागावून बाईंचा काही फायदा नव्हता. मी म्हणालो, "साहेब, माझ्या शब्दावर जाऊ नका. सकाळच्या पाटील सरांची फाईल लावा आणि लिंकची यादी उघडा."

ते पाटील सर एकदम ताठ झाले, पण माणूस सरळ. "उघडा की," म्हणाले. लॅपटॉप सांभाळायला दत्ता म्हणून एक मंडपवाले होते. माईक, पडदा, खुर्च्या सगळं त्यांचंच. त्यांनी फाईल उघडली. खिडकी आली. यादी उघडली. डी ड्राईव्ह, पाटील सर, बॅच तीन, हजेरी.

"पण मी तर तुमच्याकडं कधी शिकलो नाही," सकाळचे पाटील सर मला म्हणाले. त्यांनाही नमुना कुणाकडून तरी आलेला. सातवं पान उघडलं, त्यांचा ग्राफ बाजूला केला. खाली कोरा चौकोन आणि त्याखाली माझी शंभर टक्के हजेरी. त्यांनीही चिठ्ठीच लावली होती.

अध्यक्षांनी पुढची फाईल लावायला सांगितली. तिच्यात नव्हतं. त्याच्या पुढचीत होतं. मग त्यांनी सगळ्याच लावायला लावल्या. अकरांपैकी सात फायली माझ्या मोडीत गेलेल्या कॉम्प्युटरला हाका मारत होत्या. चौथ्या फाईलीपासून लोक उभे राहून बघायला लागले होते. पाचवीला मागून कुणीतरी म्हणालं, "बॅच तीनमधी मी हुतो. ह्येच्याकडंच शिकलोय." सातव्या फाईलीनंतर कुणी हसत नव्हतं, कारण जवळजवळ प्रत्येकाला आपापलं सातवं पान आठवत होतं.

मग दत्ता मंडपवाले घसा साफ करून म्हणाले, "साहेब, सकाळी तुमची स्वागताची पीपीटी लावली, तवाबी ह्येच आलतं. मी दाबलं की."

सगळ्या माना अध्यक्षांकडे वळल्या.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ती पीपीटी त्यांच्यासाठी त्यांच्याच ऑफिसातल्या कुणीतरी, कुठल्यातरी नमुन्यावरून केली होती. "उघडायची का?" दत्तांनी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "नको. कळलं." मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले, आणि आधी ते हसले, मग सगळं सभागृह हसलं. ह्या खेपेला बाईसुद्धा हसल्या.

माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. त्या पिढीच्या अधिकाऱ्यांना ते येत नाही. पण ते म्हणाले, "बाई, तुमचं सुरू करा. वेळ पहिल्यापासून धरू." आणि बाईंचा ग्राफ पडद्यावर आला तेव्हा त्यांनी वह्या मागून घेतल्या. ग्राफमध्ये एका ठिकाणी खांब नव्हता, फट होती. त्या दिवशी काय झालं, त्यांनी विचारलं. बाईंनी वहीतलं पान काढून दिलं. तिथे आकड्याच्या जागी पोराच्या अक्षरात लिहिलं होतं: बाटली वाहून गेली.

अध्यक्षांनी ते मोठ्याने वाचलं आणि वही बंद केली. "खोटं करणाऱ्यानं इथं आकडा टाकला असता," ते म्हणाले.

बाई निवडल्या गेल्या नाहीत. पहिला नंबर दुसऱ्याच एका शाळेच्या भाजीबागेला गेला, आणि ती बाग फोटोत तरी खरंच चांगली होती. निकाल ऐकून मला वाईट वाटलं, बाईंना नाही. त्यांनी समितीच्या लेखनिकांकडे जाऊन फक्त एक विचारलं, शेरा वगैरे काही नाही ना? नाही म्हटल्यावर पिशवी खांद्याला लावली. जिन्यात मला म्हणाल्या, "सर, तुमची हजेरी मात्र भारी होती हं. बाराही महिने शंभर टक्के. अशी शाळा आम्हाला पण दाखवा एकदा."

 खोटा ग्राफ त्या सभागृहात एकच होता आणि तो मी केलेला होता.

त्यानंतर मी एक काम केलं. नवा नमुना बनवला. त्यात कुठलीही लिंक नाही, आणि सातव्या पानावर ग्राफच्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलं: हे पुसा आणि स्वतःचं घाला. पुढच्या काही शनिवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून, ज्यांना यायचं त्यांना फुकट शिकवलं. लिंक कशी शोधायची, कशी तोडायची, सूचना आली की आधी ती काय विचारते ते कसं वाचायचं. बटण कुठलं दाबायचं हे मी शेवटी सांगायचो. पहिल्या शनिवारी चौघं आली, मग वाढत गेली. उज्ज्वलाबाई मलकापूरहून एसटीने यायच्या आणि पुढच्याच बाकावर बसायच्या. मी एकदा सवयीने "ह्याचं काही नाही, हे दाबा" म्हणालो, तर त्यांनी हात वर केला. "सर, आधी वाचू द्या."

आता मी साठीला आलोय. दुकान चालू आहे, पण दुपारी थोडं पडतो. फोन अजून येतात. सर, पिवळं आलंय. मी म्हणतो, घेऊन या. लोक कुरकुरतात की आता पाटील सर फोनवर काही सांगत नाहीत. कुरकुरू देत. वडील गुळाच्या बाबतीत असंच करायचे आणि लोक त्यांच्यावरही चिडायचे.

गेल्या पावसाळ्यानंतर बाईंचा ईमेल आला. सातव्या वर्षाचा पाऊस जोडून नवी पीपीटी पाठवली होती, एकदा बघून द्या म्हणून. उघडली तर वरती पिवळी पट्टी. बाहेरून आलेली फाईल, म्हणजे यायचीच. मी ती पट्टी शेवटच्या शब्दापर्यंत वाचली, पाठवणारीचं नाव बघितलं, मगच परवानगी दिली. दुसरी खिडकी आली नाही. लिंकची यादी उघडायला गेलो तर ती ओळच तिथे नव्हती. फाईलीत एकही लिंक नसली की कॉम्प्युटर ती ओळ दाखवतच नाही.

तरी सातव्या पानावर गेलो. निळे खांब होते, ह्या वेळी फट दोन ठिकाणी होती, म्हणजे बाटली दोनदा गेली असणार. ग्राफ धरला आणि हळूच बाजूला सरकवून बघितला.

खाली काही नव्हतं. मी तो परत जागेवर ठेवला.